डांबरावर

किसुमूत नोकरी शोधणाऱ्याला बेकार म्हणत नाहीत.
म्हणतात, डांबरावर आहे.
अपोंडी कशी आहे, बायका बाजारात विचारतात,
आणि आई मासळीच्या ढिगावरच्या माश्या हाकलत सांगते,
आहे अजून डांबरावर.
जणू ओमेनाबरोबर मलाही
वाळत घातलंय तिने.

चौदा महिने झाले.
संख्याशास्त्राची पदवी, प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी दुसऱ्या पिशवीत.
नमुना लहान असेल तर
निष्कर्ष काढू नये, असं शिकवलं होतं.
माझा नमुना : एकशे बारा अर्ज, नऊ उत्तरं, दोन मुलाखती.
मी निष्कर्ष काढलेला नाही.
तो आत्याने काढला.

विमा कंपनीतल्या बाई चांगल्या होत्या.
दोन वर्षांचा अनुभव लागेल, म्हणाल्या.
तो कुठे मिळतो?
मी खरंच विचारलं, उद्धटपणे नाही,
परक्या गावात बस कुठून सुटते विचारावं तसं.
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
टेबलाखाली त्यांनी बूट काढून ठेवले होते.
टाचेवर चिकटपट्टी, जुनी, कडा काळ्या पडलेली.
ती मला दिसली हे त्यांना दिसलं.
कळवू, म्हणाल्या.

ओचोलाच्या सायबरमध्ये
काळं पान दहा शिलिंगला, रंगीत तीसला.
एकशे तेराव्या वेळी तो हळूच म्हणाला,
अनुभवाचं पत्र करून देऊ? शिक्का आहे माझ्याकडे. पाचशे.
आणि दाखवायला म्हणून
समोरच्या वर्तमानपत्रावर उठवला :
कुणा निवृत्त हेडमास्तरांच्या निधनाची बातमी,
त्यांच्या छातीवर जांभळं वर्तुळ,
बिल्ला लावल्यासारखं.
शिक्का चांगला उठला होता.
पाचशे नाहीत, म्हटलं.
होते. आईने बुटांसाठी दिलेले, मोज्यात.
पावलाखाली नोट कुरकुरत होती
आणि मी डोळे न मिटता नाही म्हणत होते.
हा प्रामाणिकपणा की खोटेपणा,
अजून ठरवलेलं नाही.

मग बस इथेच, ओचोला म्हणाला,
टाइप करणारी लग्न करून मोम्बासाला गेली.
दिवसाचे दोनशे.
दोन वर्षांनी शिक्का फुकट.

तर आता मी खिडकीच्या या बाजूला आहे.
कीबोर्डवरचं ई अक्षर पुसून गेलंय.
एज्युकेशन, एक्सपिरियन्स, एम्प्लॉयर :
सगळ्या दुनियेला तेच एक बटण दाबायचं असतं.
मी न बघता दाबते.
दिवसाला वीस-पंचवीस जण.
सगळे मेहनती, सगळे संघात काम करू शकणारे,
सगळ्यांचा छंद वाचन.
आणि एका रकान्याशी येऊन
सगळे माझ्या खांद्यावरून
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात.

काल ओबुया नावाचा मुलगा आला.
भावाचा शर्ट, मनगटं बाहेर.
अनुभव?
निल लिही, म्हणाला. सगळे लिहितात.
माझी बोटं तयारच होती. तीन अक्षरं, कितीसा वेळ लागतो.
पण मी विचारलं, गेल्या वर्षी काय करत होतास?
काही नाही. मामाच्या होडीवर होतो, रात्री.
काय करायचास?
दिवा सांभाळायचो. मासळी दिव्याला येते ना.
दिवा गेला की मासळी गेली,
मग मामा, मग बाकीचे चौघे, सगळे माझ्यावर.
किती वेळा विझला?
तो बराच वेळ गप्प. मागे रांग वाढलेली,
ओचोला घड्याळाकडे बघतोय,
दुपारी तीनला वीज जाते हे सगळ्यांना ठाऊक.
दोनदा, म्हणाला. दुसऱ्यांदा वारा होता.
किती रात्रींत?
ते कुणी मोजतं का?

मोज, म्हटलं. मी थांबते.

आणि तो उभ्या उभ्या,
ओठ हलवत, एकेक बोट मिटत
मोजू लागला.