चौतीस अंश, स्विंडन

हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवते,
तवा तापलाय का बघतात तशी.
सात मोजेपर्यंतही टिकत नाही हात.
म्हणजे नाही. आत्ता फिरणं नाही, ब्रॅम्बल.

ग्वेनेथचा म्हातारा स्पॅनियल
पट्टा तोंडात धरून दाराशी बसलेला.
ती इस्पितळात; फोनवर आधी त्याचीच चौकशी.

इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली,
आणि धरतात, इमानाने.

कणकेची परात पाण्याने भरून ठेवली
तर हा चारही पाय घालून आत उभा,
पाणी न पिता,
फाटकाकडे बघत.

आमचा बोका केव्हाच बेसिनमध्ये, मुटकुळं करून.
बोक्याला काही शिकवावं लागत नाही.

रात्री साडेदहाला पुन्हा हात टेकवला.
रस्ता कोमट,
ताप उतरत आलेल्या कपाळासारखा.
चल.