प्लास्टर रूम

माझं काम साधं.
मोडलेलं सरळ धरायचं, ओली पट्टी गुंडाळायची,
वाळेपर्यंत माणसाला बोलण्यात गुंतवायचं.
खडकीत, कॅन्टोन्मेंटच्या हॉस्पिटलात, एकवीस वर्षं.

यंदा आमची अर्धी टीम माझ्या टेबलावरून गेली.
आमची म्हणजे पूल इलेव्हन,
होळकर पुलाच्या अलीकडची पोरं,
सतरा वर्षं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये मुक्काम.

गणपती उठले त्याच आठवड्यात
आमचा विघ्नेश मुदलियार बसला. घोटा.
दिवाळीच्या तोंडावर इम्तियाज बागवान,
गुडघा आतून गेलेला.
लिगामेंटला पट्टी नसते माझ्याकडे, वर पाठवला.
मग आल्विन. कॉलरबोन. तीही मॅचमध्ये नाही,
रेंजहिल्सच्या खड्ड्यात, ॲक्टिव्हासकट.
म्हटलं, बाबा, निदान मैदानात पडलो असं तरी सांग.
हसला, आणि हसताना कळवळला.

तरी पोचलो प्लेऑफला. कसे, विचारू नका.
एक बरोबरी पावसानं दिली,
एक समोरच्यांच्या सेल्फ गोलनं.

रविवारी दुपारी तीन.
त्यांच्या बाकावर सात जण, एकसारखे ट्रॅकसूट,
आणि बॅग घेतलेला एक फिजिओ, च्युइंगम चघळत.
आमच्या बाकावर
विघ्नेश कुबडीसह, आल्विन झोळीसह,
इम्तियाज पाय लांब करून, आणि पाण्याचा क्रेट.
बाकावर बसलेलं बहुतेक सगळं माझंच काम.
मी पॅव्हेलियनच्या पायरीवरून बघत होतो,
आपलीच शिवण उसवताना शिंपी बघतो तसा.

आता जे सांगतोय ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी नऊला डेन्झिल घरी आला होता. आमचा गोली.
उजव्या हाताचं मधलं बोट
वांग्यासारखं, रंगानंही.
काका, खेळू का?
मी दाबून पाहिलं. त्यानं ओठ चावला, पण आवाज केला नाही.
एक्सरे काढू, म्हणायला हवं होतं.
रविवार होता, डॉक्टर नव्हते, दुसरा गोली नव्हता,
आणि सतरा वर्षं होती.
शेजारचं बोट धरून दोन्ही एकत्र बांधली, घट्ट.
खेळ, म्हणालो.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पंचवीस यार्डांवरून
एक साधा फटका. सरळ.
असले तो एरवी एका हाताने झेलून
दुसऱ्या हातानं पँट वर ओढतो.
उडाला, पोचलासुद्धा. बॉल लागला हाताला.
मी ऐकला तो आवाज. चिकटपट्टीवर रबराचा.
मग बॉल वर सरकला, बारखाली वाकला,
जाळी जेमतेम हलली.

एक शून्य.

नंतर सगळे तेच म्हणत होते.
इम्तियाज असता तर. आल्विन असता तर.
हा ‘असता तर’ आमचा कायमचा बारावा खेळाडू,
त्याला कधी काही होत नाही.
लाइन्समनच्या सात पिढ्या झाल्या. अंधार पडला.
दोन पोरं जाळी सोडवत होती, गाठ सुटेना,
तेव्हा एकानं दातांनी सोडवली.
मी म्हणालो, नशीब. आणि घरी आलो.
जेवताना बायकोनं विचारलं, हाताला काय झालं?
माझ्या. मी बोटं उघडमीट करत होतो.

मंगळवारी डेन्झिल रांगेत उभा राहिला, केसपेपर काढून,
ओळख न दाखवता आत घुसला नाही.
एक्सरे उजेडापुढे धरला :
केसाएवढी रेघ, हाडातून तिरकी.
रविवारच्या आधीची की नंतरची,
फिल्मवर लिहिलेलं नसतं.

मी तोंड उघडलं.
तो म्हणाला, किती आठवडे?
तीन, म्हणालो. चार लागतात.
त्यानं हात पुढे केला.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं.
पहिल्यांदा सगळे दचकतात, भाजतंय म्हणतात.
तो नुसता बघत राहिला माझ्या हातांकडे.
जरा सैल ठेवू का, मी विचारलं.
नको, म्हणाला, तुम्ही बांधता तसंच बांधा.

पुढच्याला हाक मारली.
आठेक वर्षांचा मुलगा, कोपर पोटाशी धरलेलं.
फुटबॉल का रे?
नाही, म्हणाला. झोका.