रकाना

आराखडा मी रविवारी रात्रीच करून ठेवला होता:
सहा आठवडे, चार गट, शेवटी प्रदर्शन.
चिलोएच्या या बेटावर शाळा एक, वर्ग एक,
संगणक सात, त्यातला एक
खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकू.

प्रकल्प: हवामान सांगणारं यंत्र.
पुस्तकात होता तसाच उतरवलेला.

रायेननं हात वर केला.
"हवा काय, दारात उभं राहिलं की कळते, बाई.
कळत नाही ते पाणी.
भरती वाट कधी गिळणार,
ते सांगणारं काहीतरी करूया ना."

तिचा भाऊ मागच्या हिवाळ्यात
वाळूच्या पट्ट्यावर अडकला होता,
कंबरभर पाण्यात, खांद्यावर मेंढी.
मला ठाऊक होतं हे.
आराखड्याला नव्हतं.

खोडलं.

एलिसेओच्या गटानं दोन तारा पाण्यात सोडल्या,
पाणी चढलं, दिवा लागला,
इतका ओरडा झाला की कोंबड्या कुंपणापार.
तिसऱ्या दिवशी तारांवर हिरवट पापुद्रा,
मिठानं खाल्लेल्या. दिवा मुका.
पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
उत्तर जिभेच्या टोकावर होतं. गिळलं.
एवढ्या वर्षांत याहून जड काम
मला कुणी सांगितलेलं नाही.

शेवाळ गोळा करणारे कुस्तोदियो आजोबा
पोतं पाठीवर तसंच ठेवून थांबले, म्हणाले,
"भिजायचं काम पाण्याचं. तुम्ही का भिजता?"
आणि गेले.

मग दुधाचा रिकामा डबा, दोरी,
होडीवरची जुनी कप्पी.
डबा तरंगत वर, दोरीचं वजन खाली,
बटण कोरड्यात, छपराखाली.
आता खिडकीत लाल दिवा लागतो,
पट्ट्याच्या पलीकडूनही दिसतो.

पण बटण कुठल्या उंचीवर, हे कुणी ठरवलं?
बेलार्मिनोनं.
जो बोलत नाही, ज्यानं संगणकाला बोट लावलं नाही,
जो सोळा दिवस धक्क्याच्या खांबापाशी बसून
चाकूनं खुणा करत होता.

तालुक्याहून आलेल्या तक्त्यात पाच रकाने आहेत:
सहकार्य, कल्पकता, सादरीकरण, पुढचे दोन असेच.
प्रत्येकात त्याला एकेक गुण पडतो, फार तर दोन.

सहावा रकाना मी पट्टीनं आखला.
वर काय लिहावं, सुचेना.
खाली त्याच्याच वहीतली एक ओळ उतरवली:

गुरुवार. पहाटे सहा दहा.
पाणी तिसऱ्या खुणेवर. धुकं.
पलीकडे कुणीतरी उभं आहे, अजून निघालेलं नाही.