शेंगांची अट

दलाल म्हणाला, मॅडम, ही साइड आता वर येतेय.
मी रस्त्याकडे पाहिलं. दरवर्षीच्या डांबराखाली
घरांचे ओटे अर्धे बुडालेले.
म्हणजे खरंच आला होता वर, वीतभर.

सिडको, चौथी स्कीम. दोन खोल्या,
आणि मागची तिसरी, नकाशात नसलेली.
हिलाल बेडसेंनी ती एकोणनव्वद साली
दिवसा विटा रचत, रात्री अंबडला शिफ्ट करत
स्वतःच्या हातानं बांधली.
कंपनी गेली.
भिंत अजून ओळंब्यात आहे.

गंगापूर रोडला ज्या पैशात नुसतं पार्किंग आलं असतं
त्यात इथे दार येत होतं, दाराला उंबरा,
आणि शेवग्याचं एक झाड
ज्याची किंमत लावायची कुणी विसरलं होतं.
नासर्डीचा वास येत होता अधूनमधून.
पलीकडच्या टॉवरच्या बोर्डावर तिचं नाव नंदिनी,
आणि पाणी निळं.

लॅबमध्ये दिवसभर मी लोकांचं रक्त काढते,
नस कुठे आहे ते बोटांना कळतं.
इथे भिंतीवरून हात फिरवत राहिले,
ओल कुठून येते कळेना.
हिलालभाऊ म्हणाले, ताई, ती ओल नही शे,
तठे आमना देव व्हतात.
रोज आंघोळ घालायची ती त्यांना.
ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.
कर्जासाठी बँकेनं मला इतकं विचारलं होतं
की प्रश्नांचाच वीट आला होता.

रजिस्ट्रीत माझा अंगठा लगेच उमटला.
त्यांचा मशीन घेईना.
पुसला, ओला केला, पँटवर घासला.
काका, दाबा जरा, म्हणाला क्लार्क.
चौतीस वर्षं लेथवर दाबलेला अंगठा,
आणखी किती दाबणार?
शेवटी डाव्या हाताच्या एका बोटावर
घर माझ्या नावावर झालं.

बाहेर उसाचा रस पिताना त्यांनी अट घातली:
यंदाच्या शेंगा आमच्या.
दलाल हसला, म्हणाला, करारात नाही हे.
मी हो म्हटलं.

फेब्रुवारीत झाड लगडलं. फोन केला.
चाकणला मुलाकडे होते, बाराव्या मजल्यावर.
वाटी टाक ताई, म्हणाले,
आठे रांधाले कोन शे?

मग वर्तमानपत्रात जुड्या बांधून
पहिल्यांदाच गल्लीत घरोघर गेले.
समोरच्या निकुंभबाई म्हणाल्या, अगंबाई, हिलालच्या शेंगा!
माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.
कोपऱ्यावर वाण्याचं दुकान होतं म्हणे,
तिथे आता कॉफी मिळते, दीडशेला.
तिथल्या पोरानं जुडीचा आधी फोटो काढला,
मग विचारलं, हे सालीसकट खातात का?
त्यापुढच्या घराला हिरवी जाळी.
आत घर नव्हतंच, खड्डा होता,
आणि पेठकडचा एक वॉचमन, यशवंत गावित,
त्यानं दोन जुड्या घेतल्या
आणि म्हणाला, पालापण द्या, भाजी करतो.

परवा दलालाचा फोन.
मॅडम, तुमची लाइन एकत्र घेतायत, सात मजले.
निकुंभ तयार आहेत.
तुमचं एकटीचं राहिलंय.
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि विचारलं, किती?

त्यानं आकडा सांगितला.
मी तो लिहून ठेवला विजेच्या बिलामागे,
पुढच्या बाजूला अजून बेडसे हिलाल दौलत.
बिल फ्रिजवर चिकटवलं, लिहिलेली बाजू आत.

शेवगा पुन्हा फुलावर आलाय,
ओट्यावर रोज पांढरा सडा, झाडून कंटाळा येतो.
या खेपेच्या शेंगा
अटीप्रमाणे माझ्या.