आवक-जावक

सरकारनं ठरवलं होतं, चित्रकार उपाशी राहणार नाही.
युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते,
असलं काही ठरवायची तेव्हा लोकांना सवय होती.
तुम्ही चित्र आणा, आम्ही भाडं भरतो, कोळसा देतो.
फुकट नाही हां. फुकटानं माणूस मिंधा होतो,
हे परिपत्रकातच होतं, दुसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ.

मी ख्रोनिंगनच्या गोदामात, कालव्याला लागून.
पूर्वी तिथं बटाट्याचं पीठ साठवायचे,
दमट दिवसांत चित्रांनाही तोच वास यायचा.
माझं काम: नग मोजणे, पाठीवर क्रमांक डकवणे,
पोचपावती फाडणे.
बरं-वाईट ठरवायला समिती होती,
पाच कोट आणि एक चिरूट.
चित्रकार म्हणायचे, हे सेंटिमीटरवर पैसे देतात.
अगदीच खोटं नव्हतं ते.
भाड्याची तारीख जवळ आली की कॅनव्हास रुंद व्हायचे.

वुबिना हाइत्समा दर तिमाहीला यायची,
सायकलला चित्र उभं बांधून;
वाऱ्यात त्याचं शीड व्हायचं
आणि बाईला सायकलसकट पाण्याकडे ओढायचं.
चित्रात बंधारा, राखाडी आभाळ, एक गाय.
पुढच्या तिमाहीला
बंधारा, राखाडी आभाळ, एक गाय.
फान वेइंगार्डन चिरूट बाजूला ठेवून म्हणाले,
बाई, तुमच्याकडे दुसरं जनावर नाही का?
ती म्हणाली, तुम्ही देता त्यात एकच पोसलं जातं.
शेरा: पुनरावृत्ती. मंजूर, किमान दराने.

अशी अकरा वर्षं.

मग हेगमध्ये वारं फिरलं.
गोदामं भरली, वर्तमानपत्रं हसली,
कुणीतरी हिशेब मांडला, एका चित्रामागे किती गिल्डर.
चित्रकारानं आता बाजारात उभं राहावं, असं ठरलं.
तेही परिपत्रक तितकंच नेटकं,
तोच कागद, शिक्क्याची शाई तेवढी नवी.
आणि मला मिळाली जावक वही. कोरी.
इतक्या वर्षांत कुणाला तिची गरजच पडली नव्हती.

आपापली चित्रं घेऊन जा, अन्यथा विल्हेवाट लावण्यात येईल.
हे पत्र मीच टाइप केलं, नऊशे वेळा.
काही पत्रं परत आली, पत्ता थडग्याचा होता.

हाइत्समांचे नग मोजायला म्हणून
भिंतीशी लावले ओळीनं, क्रमांकाप्रमाणे.
चव्वेचाळीस हवे होते. बाविसावा नव्हता.
त्याची जागा मी रिकामी सोडली, सवयीनं.
मागं सरलो, चष्मा पुसला,
आणि गाय चालायला लागली.

दर चित्रात एकेक बोट पुढं.
पहिल्यात डाव्या काठाशी नुसतं नाक,
चव्वेचाळिसाव्यात उजवीकडे शेपटीचा गोंडा.
समितीनं दर वेळी एकच चित्र पाहिलं होतं.
मी तर दर वेळी फक्त पाठ.

ती आली तेव्हा साठीची होती.
ओळीच्या कडेकडेनं चालली, गाईच्याच चालीनं.
रिकाम्या जागेपाशी थांबून भिंतीला हात लावला.
मी विचारलं, पहिल्यापासून हेच मनात होतं का?
छे, म्हणाली. दुसऱ्यांदा आळस होता.
तिसऱ्यांदा राग.
पुढं मात्र ती निघालीय कुठं, ते मलाच बघायचं होतं.

शेपटीचं तेवढं तिनं नेलं. सही केली.
बाकीच्यांचे पैसे तुम्ही दिलेत, म्हणाली,
आणि सायकलवरून गेली, वारा नव्हता.
बेचाळीस चित्रांची विल्हेवाट लागली.
चौकटी एका सुतारानं उचलल्या, खुराड्यासाठी.

परवा निवृत्तिवेतनाचा कागद घेऊन करखात्यात गेलो.
दुसरा मजला, कॉफीच्या यंत्राशेजारी
बंधाऱ्याच्या ऐन मध्यावर
ती उभी, पुढचा पाय उचललेला.
कारकून म्हणाला, ते इथं आधीपासूनच आहे.

आवक चव्वेचाळीस, जावक त्रेचाळीस.
एक नग येणे बाकी.
मी कुणाला कळवलेलं नाही.