ऐकू आले नाही

पास्को ट्रेगेन्झा, पोर्ट पिरीच्या उत्तरेकडचा गहूवाला.
चौदा वर्षं अ‍ॅडलेडच्या सभागृहात
मी त्याचे शब्द लघुलिपीत टिपले.
फार नव्हते.

पहिल्या दिवशी उठला तो
कुंपणाचं फाटक लावायचं राहिल्यासारखा.
हॅट कुठे ठेवावी कळेना, हातात धरूनच बोलला:
सायडिंगला पोती भिजतात,
चार पत्रे टाका.
आणि बसला.
मी कंसात लिहिलं, हशा.
पुढच्या सुगीआधी पत्रे पडले.

वकील मंडळी लॅटिनची फोडणी द्यायची;
हा आकडा बोलण्याआधी
बियाण्यासारखा मुठीत तोलून बघायचा.
तांबेऱ्याच्या वर्षी तर
अंदाजपत्रक ऐन रंगात असताना
खिडकीशी जाऊन उत्तरेचं आभाळ बघत राहिला.
त्याच्या बाकावरून
झाडूवालीला रोज कुसळं सापडत.

मग जमीन-कायद्याची ती रात्र.
कुणीसं म्हणालं, आपण गेलो तेव्हा
तो सगळा मुलूख ओसाड होता, निर्मनुष्य.
ट्रेगेन्झा उठला. नव्हता, म्हणाला.
माझी विहीर मी शोधली नाही.
एका म्हातारीनं दाखवली, सपाट दगडाखाली झाकलेली.
तिच्या लोकांचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.
पहिल्या उन्हाळ्यात तिच्या ओंजळीनं प्यालो.
दुसऱ्या उन्हाळ्यात मी कुंपण घातलं.
तिसऱ्या उन्हाळ्यात...

इथे थांबला.
हॅटची कड बोटांनी फिरवत राहिला,
गोल, गोल.
कुणी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
पुढचा विषय सशांचा उपद्रव.

रात्री दिव्याखाली मी वही उघडली.
आमच्याकडे अशा वेळी
एक वाक्य तयार असतं, झिजलेल्या नाण्यासारखं गुळगुळीत:
सन्माननीय सदस्यांचे बोलणे
ऐकू आले नाही.
तेवढंच छापायला दिलं.
कुणी सांगितलं नव्हतं मला. तेही लिहून ठेवतो.

पुढच्या निवडणुकीत तो पडला. एकशे सहा मतांनी.
गावाकडे परतला, विहिरीकडे की कुठे, माहीत नाही.

एकदा उत्तरेच्या गाडीनं गेलो तेव्हा
त्या सायडिंगला उतरून बघितलं.
चार पत्रे, वाऱ्यावर थडथडणारे.
खाली पोती कोरडी.
हमालानं विचारलं, काही हरवलंय का साहेब?
मी म्हणालो, काय? ऐकू नाही आलं.