बद्द

उद्यमबागेतल्या फौंड्रीत ह्यांचं काम एवढंच:
थंड झालेल्या कास्टिंगवर हातोडी टेकवायची
आणि ऐकायचं.
खणखणीत वाजलं तर गाडीत,
बद्द वाजलं तर परत भट्टीत.
सव्वीस वर्षं, नुसत्या कानावर.

मग एका शिमग्याला तडा गेलेला माल पुण्याला गेला
आणि चिठ्ठीसकट परत आला.
शेठ म्हणाले, भट्टीपाशी सगळ्यांचेच कान जातात.
आम्हीही तेच धरून बसलो. कानाचं यंत्र घेतलं,
ते मिठाच्या बरणीशेजारी पडून राहिलं.
"काय बोलूलीस? मोठ्यानं बोल की."

दूध करपून पातेलं काळंठिक्कर झालं,
हे त्याला टेकूनच पेपर वाचत होते.
नाक कधी गेलं, कुणी विचारलंच नाही.

मग पाय फाकवून चालायला लागले,
होडीतून नुकतेच उतरल्यासारखे.
खडेबाजारात पोलिसानं अडवलं: कुडिदियेनु?
प्रश्न ऐकू आला नाही म्हणून हसले,
तिथंच प्यालेले ठरले.
बातमी आमच्याआधी कंग्राळीत.
माझ्या भावानं त्यांचं तोंड हुंगलं.
मीही एका रात्री गादीखाली बाटली शोधली.
हे सांगायला नको होतं.

चार डॉक्टर, चार फायली:
कानाची, मणक्याची, साखरेची, एक नुसतीच जाड.
पाचवी सौदत्ती बाई, आमच्या रेणूहून थोडी मोठी.
तिनं चारही एकाच टेबलावर पसरल्या,
फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली,
बराच वेळ धरली.
"भरमाण्णा, कधी पडला होता काय?"
पाटीवर लिहून दाखवलं.
वंटमुरी घाटात, लुनावरून. रेणू तेव्हा पोटात.
दोन दिवस डोकं दुखलं, तिसऱ्या दिवशी कामावर.

लहान मेंदूच्या घडीघडीतून
काळी रेघ फिरली होती,
कुणी सावकाश काजळ घालावं तशी.
बाई कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली,
"आत कुठंतरी रक्त ठिबकतंय बघा. पंचवीस वर्षं, थेंब थेंब.
त्यातलं लोखंड मेंदूवर बसलंय.
कानाची नस त्याला लवकर सापडते."
मग, जरा ओशाळून:
"पुस्तकात बघितलेलं मी हे. माणसात आजच."

लोखंड.
एवढी वर्षं मी ते ह्यांच्या कॉलरमधून घासून काढत होते.

भोक सापडलं तर शिवतील.
साचलंय ते निघायचं नाही,
हे तिनं पाटीवर लिहिलं नाही, मला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी बोटाच्या पेरानं
आपल्याच कपाळावर टकटक केली,
डोकं माझ्याकडं झुकवलं.
"बघ गं, बद्द वाजतंय काय?"
मी कान लावला.
पाटी पिशवीत होती,
खडू सापडेना.